एक बोट कमी

"उपटू नको! अबे गजा, उपटू नको ते! हात आवर!"

तू ओरडत होतास आणि मी उपटून मोकळा झालो होतो. मिरचीचं कमरेएवढं झाड, मुळांसकट, माझ्या मुठीत. मुळांची माती माझ्या पांढऱ्या कोटावर सांडत होती, आणि तो कोट मेहकरच्या एका कंपाउंडरकडून मी देवाच्या शपथा घेऊन मागून आणलेला. वसंता आपल्या पिक्चरचा कॅमेरा धरून तसाच उभा. शेडनेटमधल्या बाया ओळीनं उभ्या, पदर तोंडावर.

"भेसळीचं झाड तिकडं होतं, त्या खांबापाशी! खूण दाखवली होती नं तुले? हे चांगलं होतं बे. धागे दिसत नाहीत का तुले? अंगभर धागे हायेत त्याच्या!"

"सीनमध्ये जोर यायला पाहिजे होता," मी म्हणालो. "खांबापाशी ते काय, वीतभर रोपटं. ते उपटून काय जोर येणार?"

ओळीतून कांताबाई बोलली, "गजाभाऊ, तुमच्यासारखा शास्त्रज्ञ असला तं दुनियेत मानूसच राहनार नाही."

बाया फिदीफिदी हसल्या. तू हसला नाहीस. माझ्या हातातून झाड घेतलंस, वाफ्याच्या कडेला बसलास आणि एकेका फुलाचा लाल धागा बोटांनी चाचपत राहिलास. साऱ्या सहा बोटांनी. मग म्हणालास, आता अगदी हळू, "धागा बांधला का ते राखायचं असते, गजा."

मला वाटलं, तू मिरचीबद्दल बोलतोयस.

भास्कर, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. या एकवीस दिवसांत मी बीबीपासून चिखलीपर्यंत तुझ्या इतक्या गोष्टी सांगितल्या की तू ऐकल्या असत्यास तर लाजेनं पुन्हा मेला असतास. तुझ्या अंत्ययात्रेला पाच हजार माणूस होतं, असं मी परवा बाजारात सांगितलं. सांगून थांबलो, सवयीनं. कारण माझं बोलणं झालं की मागून तुझा आवाज यायचा, "निम्मं कर." चाळीस वर्षं यायचा. मी म्हणायचो सात फुटी नाग, तू म्हणायचास निम्मं कर, मी साडेतीनावर यायचो, तू म्हणायचास अजून निम्मं कर, आणि शेवटी त्या जागी सुतळीचा तुकडा निघायचा. परवा मी थांबलो आणि मागून काही आलं नाही. पाच हजार तसेच उभे राहिले. समोरच्या माणसानं मान डोलावली, विश्वास ठेवला, आणि मला स्वतःच्या तोंडाची पहिल्यांदा भीती वाटली.

आपल्या पिक्चरची सुरुवात अमडापूरला झाली, एवढं तरी तू निम्मं न करता मान्य करशील. बाजाराचा दिवस, पत्र्याचा व्हिडिओ हॉल, आणि पत्रा असा तापलेला की माझ्या डोक्यावरचं तेल उकळून कानात उतरलं. पडद्यावर परदेशातला कुठला तरी पिक्चर. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण गोष्ट कळत होती. तिथं पोरं आईच्या पोटी होत नव्हती, काचेच्या नळकांड्यात होत होती, आणि तीही यादी देऊन. डोळे असे, उंची एवढी, सर्दी नको. साऱ्या मुलखात कोणी तोतरा नाही, कोणी टकला नाही. त्यांच्यात चुकून एक बिघडलेला माणूस निपजतो आणि सगळे त्याच्या मागे लागतात. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. तू बाहेर आलास, उसाच्या रसाचा गिलास हातात घेतलास आणि विचारलंस, "पण त्याचं बिघडलं काय होतं बे?"

"म्हणजे?"

"छाती दरवाज्यायेवढी. दात मक्याच्या कणसावानी. केस पाह्यले त्याचे? हा बिघडलेला हाय, तं मंग आपुन काय हाओत?"

मी म्हणालो, आतून बिघडलं असेल. तू उजवा हात उन्हात धरलास. करंगळीच्या शेजारचं ते बोट, करंगळीहून लहान, स्वतःचं नख असलेलं, जरा बाहेर वळलेलं, जसं काही पलीकडचं बोलणं ऐकतंय. "हे दाखवा म्हणा एकदा पडद्यावर," तू म्हणालास. "चांगल्या माणसाच्या हाताले."

पुढं आपण या जातीचे पिक्चर शोधशोधून पाहिले. आधी सीडीवर, मग मोबाइलवर, एका दोरीनं दोघांच्या कानात आवाज घेऊन. कुठं सुधारलेले सैनिक, कुठं सुधारलेली बाळं, कुठं म्हातारपण काढून टाकलेली शहरं. शेवटी बिघडलेलाच जिंकायचा, आणि प्रत्येक वेळी तुझी तीच तक्रार, की जिंकणाऱ्याचं काही बिघडलेलं नसतंच. नाही म्हणायला एखाद्याच्या भुवईवर वार असायचा. "हे काय बिघडणं हाय? हे तं ब्यूटी पार्लरमधून करून आनलेलं हाय."

आणि पोटापाण्याला धंदा कोणता धरलास? बियाण्याचा! आधी उघड्या रानात, मग हिरव्या जाळीच्या शेडनेटखाली, कंपनीसाठी संकरित मिरचीचं बी. कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिच्यातला नराचा भाग काढायचा, दुसऱ्या जातीचा पराग तिला लावायचा, आणि लावला की लाल धागा बांधायचा, म्हणजे हे फूल राखायचं. कंपनीचा माणूस पाहणीला यायच्या आधी ओळीओळीनं फिरायचं, आणि जे झाड उंचीला, पानाला, रंगाला वेगळं दिसेल ते उपटून टाकायचं. भेसळ. त्या झाडाचा गुन्हा एवढाच की ते शेजारच्यासारखं नाही. सहा बोटांच्या माणसानं जन्मभर हे काम केलं. आणि हात असा, की एका वेळी दोन फुलं धरायचास, एक अंगठ्याच्या चिमटीत आणि एक त्या सहाव्या बोटाच्या बेचक्यात. हे निम्मं करू नकोस. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भेसळीची झाडं तू बांधावर फेकत मात्र नव्हतास. घरामागं नेऊन लावायचास. सुमनवहिनी वैतागायच्या, "मांगं काय अनाथाश्रम काढला का तुम्ही?" आणि त्याच झाडांच्या मिरच्यांचा ठेचा करून मला वाढायच्या.

त्या जाळीखालीच आपल्या पिक्चरची गोष्ट निघाली. "बिनचूक." शेडनेट म्हणजे माणसांचा कारखाना. कामाच्या बाया साडीवर शर्ट घालतातच, फक्त ते पांढरे घ्यायला लावले, की झाली बिनचूक माणसं. कांताबाई म्हणाली, "आमी बिनचूक? हे एक डाव घरी येऊन माह्या सासूले सांगा." तू कारखान्याचा मोठा साहेब. मी तुझ्या हाताखालचा शास्त्रज्ञ, बिघडलेले उपटणारा. शूटिंगला लग्नाचे व्हिडिओ काढणारा आपला वसंता, चिखलीहून, लगनसराई नसली की. मोठ्या साहेबाच्या उजव्या हातात पहिल्या सीनपासून पांढरा हातमोजा. तो बँडवाल्यांकडून आणला होता, पण त्यांच्या मोज्यात तुझा हात मावेना. मग वहिनींनी करंगळीकडची शिवण उसवली आणि तिथं जुन्या रुमालाचा तुकडा जोडून दिला.

भांडण झालं ते शेवटावरून. तुझा शेवट एवढाच: मोठा साहेब सगळ्यांसमोर मोजा काढतो आणि हात वर करतो. बस्स. माझ्या शेवटात कारखान्याला आग होती, बायांची पळापळ होती, वरून हेलिकॉप्टर होतं.

"हेलिकॉप्टर कोन देईल तुले?"

"माह्या ओळखीचा हाय एक."

"निम्मं कर."

"अर्धं हेलिकॉप्टर उडत नसते, भास्कर. अन् तुह्या शेवटाले लोक हसतील. शेवटाले लोक हसले तं पिक्चर मेला."

"हासू दे. माह्या प्रणालीनं पाह्यलं का झालं."

त्यावर मी हेलिकॉप्टरचं बोलणं वाढवलं. प्रणालीचं नाव निघालं की मी नेहमीच दुसरं काही वाढवत आलो. का, ते तुला कधी सांगितलं नाही. आता तू अडवू शकत नाहीस, म्हणून लिहितो.

तुझी प्रणाली जन्मली तेव्हा तिच्या उजव्या हाताला तुझंच बोट होतं. बारकं, हाड नसलेलं, लोंबतं. तू तीन दिवस तिचा हात दुपट्याबाहेर येऊ दिला नाहीस. मग मला बोलावून ओसरीत बसवलंस. "मले सारी दुनिया छंग्या म्हनत आली, गजा. मी पचवलं. पन पोरीची जात हाय. दाई म्हनते, घट्ट धागा बांधला का वाळून गळून पडते. काय करू?"

मी म्हणायला पाहिजे होतं, डॉक्टरला दाखव. किंवा म्हणायला पाहिजे होतं, मला कळत नाही. पण मला कळत नाही हे वाक्य माझ्या तोंडाला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "बांधून टाक. पिंपळगाव राजाले माह्या ओळखीचा एक माणूस हाय. त्याच्या पोरीले सहा बोटं. अठरा स्थळं आली अन् अठरा वापस गेली. पोरगी घरातच म्हातारी झाली."

मी थांबलो, आणि तू म्हणालास, "निम्मं कर." मला बरं वाटलं. मग तू जमिनीकडं पाहत राहिलास आणि म्हणालास, "निम्मं केलं तरी नऊ राह्यतात, गजा."

असा कोणी माणूस नव्हता, भास्कर. पिंपळगाव राजाला मी तोवर एकदाच गेलो होतो, एका लग्नाला, आणि पंगत उठल्याबरोबर परत. त्या माणसाला, त्याच्या पोरीला आणि अठरा नवरदेवांना मी तुझ्या ओसरीत बसल्या जागी जन्म दिला, काचेचं नळकांडंसुद्धा न लागता.

घाईत घरात रेशीम सापडलं नाही, म्हणून प्लॉटातलाच लाल धागा बांधला गेला. पोरगी आठवडाभर तापानं फणफणली. हात कोपरापर्यंत सुजला. तू आणि वहिनी दवाखान्याच्या फरशीवर बसून होता आणि मी बाहेर चहाच्या टपरीवर लोकांना गोष्टी सांगत होतो, कारण गप्प बसलो असतो तर माझं मला ऐकू आलं असतं. बोट गळालं, हात वाचला. करंगळीच्या कडेला चिंचोक्याएवढा व्रण राहिला, आणि ती करंगळी अजून पुरती मिटत नाही. म्हणून ती चिमटा डाव्या हातानं धरते, आणि तू लोकांना "डावखुरी हाय" असं सांगायचास. तुझ्या तोंडचं मला माहीत असलेलं हे एकच खोटं.

मग एकदा, काही वर्षांनी, वाफ्यात पाणी सोडता सोडता तू सहज विचारलंस, "तो पिंपळगावचा मानूस. नाव काय होतं त्याचं?"

"किसनराव," मी म्हणालो. पापणी हलली नाही.

"घर कुठीसा?"

"मारुतीच्या पारामांगं. दारात लिंब हाय."

तू बरं म्हणालास आणि दुसऱ्या वाफ्याकडं वळलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरलास.

तू माझी एकेक गोष्ट निम्मी केलीस, पण एकही उपटून फेकली नाहीस. मी आलो की दारावरची जाळी बाजूला करून म्हणायचास, "ये, सांग." एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मला "ये, सांग" म्हणणारा एकच माणूस होता. (बाकीचे म्हणायचे, "आला पाहा.")

शेवटचा सीन घ्यायचा दिवस तू तीनदा ठरवलास आणि मी तीनदा मोडला. एकदा हेलिकॉप्टरवाला फोन उचलत नाही म्हणून. एकदा ढग आले म्हणून. एकदा काहीच कारण नव्हतं. तू मोजा काढणार, प्रणाली समोर बसून पाहणार, आणि मी मधे उभा असणार, पांढऱ्या कोटात. ते मला जमणार नव्हतं. तू म्हणालास, "ठीक हाय, गुरुवारी घेऊन टाकू." बुधवारी तू गेलास.

मोजा माझ्याकडं राहिला. खुंटीला टांगलाय. पंखा लावला की त्याची पाचही बोटं हलतात, फक्त तो रुमालाचा तुकडा हलत नाही. तो तसाच बाहेर वळून असतो. मी या उकाड्यात पंखा बंद करून झोपतो, आणि हे दुप्पट करून सांगितलेलं नाही.

तेराव्याच्या आधी मी वसंताकडं गेलो. तो म्हणाला, "भाऊ, आता मशीन करते सगळं. भास्करभाऊचे जुने शॉट टाकू, लिहून देऊ का मोजा काढून हात वर करा. ते करून दाखवते." मी म्हणालो, दाखव.

आणि तू चालत आलास. चिखलीत, लग्नाच्या अल्बमांच्या दुकानात, वसंताच्या टेबलावरच्या काचेत. मागं शेडनेटचा तोच हिरवा उजेड, डावीकडं झुकलेली तुझीच चाल. उभा राहिलास. मोज्याची बोटं एकेक करून ओढलीस. हात वर केलास.

"वसंता, एक बोट कमी हाय."

"मी सहा लिहिलं होतं, भाऊ. थांबा, पुन्हा सांगतो."

दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा पाच, आणि तुझा पुढचा तुटका दात भरून आला. चौथ्यांदा चाल सरळ झाली. वसंता त्या मशीनला हिंदीत सांगत होता, इंग्रजीत सांगत होता, तुझ्या हाताचे खरे फोटो दाखवत होता, आणि मी शेजारी बसून वऱ्हाडीत शिव्या देत होतो. ते ऐकत नव्हतं. दर वेळी तुला अजून थोडं नीट करत होतं. मानेवरचा मस गेला. पोट गेलं. कपाळाच्या आठ्या गेल्या. नवव्या वेळी जो माणूस आला त्याची छाती दरवाज्याएवढी होती. त्यानं हात वर केला, पाचही बोटं चित्रातल्यासारखी, आणि थेट माझ्याकडं पाहिलं. ओळखलं नाही.

मी घाबरत नाही, तुला माहीत आहे. मी वाघासमोर उभा राहिलोय. (बिबट्या. बरं, कोल्हा.) पण त्या नजरेसमोर मी खुर्ची पाडून उठलो. आपण दोघं ज्या कारखान्याची गोष्ट जुळवत बसलो होतो तो वसंताच्या टेबलाखाली सुरू होता, आणि मीच तुला त्यात आणून सोडलं होतं. ते ओळीओळीनं फिरून भेसळ काढत होतं.

"नऊपैकी कोनता ठेवू?" वसंतानं विचारलं.

मी पहिला घेतला. सगळ्यांत कमी सुधारलेला. मनात म्हटलं, हात हलता आहे, कोण मोजायला बसतंय?

परवा दुपारी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीत बी निवडत होत्या. प्रणाली शेडनेटमधून आली, हात धुऊन समोर बसली. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि पिक्चर लावला. तू आलास तशा वहिनी सूप खाली ठेवून पुढं सरकल्या. तू मोजा ओढायला लागलास. तू हात वर केलास. वहिनींनी एकदा पाहिलं, मग त्या उठल्या. "चहा ठेवते," म्हणाल्या, आणि आत गेल्यावर भांड्याचा आवाज आला नाही.

प्रणालीनं चित्र मागं नेलं. मोजा अजून हातात आहे तिथं आणून थांबवलं. करंगळीकडचा रुमालाचा तुकडा स्पष्ट दिसत होता, आतून फुगलेला.

मला शांतता सोसत नाही. मी सुरू झालो. "हे कच्चं हाय पोरी. वसंताचं मशीन लहान हाय. पुण्याले एक हाय, खोलीयेवढं. हैदराबादले तं तीन मजली हाय. माह्या ओळखीचा एक माणूस हाय तिथं. सहा काय, तू म्हनशील तेवढी बोटं..."

"मोजा राहू द्या, काका," ती म्हणाली. "काढूच नका. आत किती हायेत मले माहीत हाये."

तिनं हात फोनच्या शेजारी ठेवला होता. उजवा. न मिटणारी करंगळी, आणि तिच्या कडेला तो चिंचोका. माझं तोंड उघडं होतं आणि त्यात तीन मजली मशीन तसंच अडकलं होतं. आत वहिनी, बाहेर मी, आणि मधे त्या थांबलेल्या चित्रात तू, मोज्याच्या टोकाला हात घातलेला.

"प्रणाली," मी म्हणालो, "तो धागा तुह्या बापाच्या मनातला नव्हता. मी बांधायले लावला. पिंपळगाव राजाचा किसनराव म्हनून मी एक मानूस सांगितला होता, त्याची सहा बोटांची पोरगी, अठरा स्थळं. तसा कोनी नव्हता. हे मी कोनाले सांगितलं नाही. तुह्या बापालेही नाही."

एवढंच. जेवढं होतं तेवढंच. माझ्या मागून कोणी काही म्हणालं नाही, आणि म्हणायची गरजही नव्हती.

तिनं फोन बंद करून माझ्याकडं सरकवला. खिशातून चिमटा काढला, डाव्या हातात धरला आणि शेडनेटकडं जायला उठली.

"बाबा जाऊन आले होते पिंपळगाव राजाले," ती म्हणाली. "मी दुसरीत होते तवा."